सी-पॅप लावल्यावर तोंड का कोरडं पडतं?

स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याच्या आजारासाठी, मास्कमधून दाबाने हवा देणारं सी-पॅप मशीन सुरू केलं की अनेकांची पहिली तक्रार हीच असते: पहाटे जाग येते तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. मग घरातलं कोणीतरी 'उष्णता झालीय' म्हणतं आणि झोपताना चमचाभर गुलकंद सुरू होतो. हा उपाय कृपा करून थांबवा. झोपेत लाळ जवळपास बंद असते, त्यामुळे ती साखर रात्रभर दातांवर राहते आणि दात किडतात. कोरडेपणाचं कारण शरीरातल्या उष्णतेत नाही, हवेच्या वाटेत आहे.

सी-पॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतक्या दाबाने नाकात सोडतं आणि झोपेत सैल पडून मिटणारा घसा उघडा ठेवतं. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८१ मध्ये मांडली.

आता नाकाकडे वळू, कारण सगळी मेख तिथे आहे. दोन्ही नाकपुड्यांत आतल्या बाजूला हाडांच्या तीन-तीन वळ्या असतात, वर ओलं, रक्ताने भरलेलं अस्तर. श्वास आत जाताना हे अस्तर हवेला ऊब आणि पाणी देतं, आणि देता देता स्वतः थंड होतं. उच्छ्वासाची गरम, दमट हवा त्याच थंड अस्तरावरून परत जाते, तेव्हा तिच्यातली काही वाफ तिथेच पुन्हा पाणी होते. म्हणजे दिलेल्या पाण्याचा बराच वाटा नाक वसूल करतं. स्टीलची थंड ताटली आधी नाकासमोर आणि मग उघड्या तोंडासमोर धरून बघा, तोंडाच्या श्वासाने ती जास्त धुरकट होते. वाळवंटातला तहानलेला उंट रात्री याच युक्तीने पाणी वाचवतो.

पण ही वसुली हवा त्याच वाटेने परत आली तरच होते. नाकाच्या मास्कमधून दाबाने हवा येत असताना झोपेत जबडा सुटला, की ती नाकातून शिरून तोंडातून सरळ बाहेर पडते. वाहतूक एकेरी होते. नाक देतच राहतं, परत काही मिळत नाही.

पुण्यातल्या जानेवारीचा हिशेब करू. शिवाजीनगरला पहाटे पारा १० अंशांवर आला की एक लिटर हवेत जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम वाफ मावते. शरीराच्या ३७ अंशांना तीच हवा पूर्ण दमट करायची तर ४४ मिलिग्रॅम लागते. फरक ३५ मिलिग्रॅमचा. खिडकी उघडी आहे आणि तोंडातून मिनिटाला ३० लिटर हवा निसटतेय असं धरलं, तर तासाला सुमारे ६० मिलिलिटर पाण्याची मागणी होते. ती पुरी होत नाही, म्हणून अस्तर सुकतं, सुजतं, नाक चोंदतं. नाक चोंदलं की तोंड आणखी उघडतं, आणि गळती वाढते.

म्हणून नुसतं उशाशी पाणी ठेवून भागत नाही. मशीनचा तापवणारा ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा मिसळणारी पाण्याची टाकी, चालू करा, त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला आणि ते रोज बदला. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला तर तापणारी नळी घ्या, किंवा निदान नळी पांघरुणाखालून न्या. सर्दी-ॲलर्जी असेल तर नाकावर आधी उपचार हवेत. तरीही तोंड उघडतच असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क हे पर्याय आहेत. रील्समध्ये दाखवतात तशी तोंडाला चिकटपट्टी मात्र स्वतःच्या मनाने लावू नका. चोंदलेलं नाक आणि बंद तोंड हा ॲप्नियाच्या रुग्णासाठी धोक्याचा मामला आहे.

गळती नसतानाही तोंड सुकत असेल तर ॲलर्जीच्या, नैराश्याच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळेही तसं होतं. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, आणि बहुतेक मशीन रोजच्या गळतीची नोंद ठेवतात, तीही दाखवा.