रिकामा घड म्हणजे पामचा बगॅस नव्हे

सहवीजनिर्मितीच्या प्रकल्प अहवालांत एक वाक्य हटकून भेटतं: मलेशिया-इंडोनेशियातल्या पामतेल गिरण्यांतून निघणारे रिकामे घड (फळं काढून घेतल्यावर उरणारे), म्हणजेच ईएफबी, हा 'तिकडचा बगॅस', म्हणजे उसाच्या चोथ्यासारखं इंधन. दोन्ही तंतुमय, दोन्ही ओले, दोन्ही गिरणीच्या आवारातच ढिगानं मिळणारे, म्हणून हा समज टिकून आहे. त्यावर विसंबून बॉयलर निवडला, तर सुपरहीटर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या) काही आठवड्यांत चोंदतो.

बगॅसबद्दल साखरपट्ट्यात वेगळं सांगायला नको. ओलावा 50 टक्क्यांच्या आसपास, उष्मांक किलोला 2,250 किलोकॅलरीच्या घरात, राख थोडी आणि तीही मुख्यतः सिलिका.

पाम गिरणीत 100 किलो ताजे घड आले की साधारण 20 ते 23 किलो रिकामे घड, 13 किलोच्या आसपास फायबर (तेल पिळून उरलेला चोथा) आणि 5 ते 7 किलो बियांची टणक कवचं निघतात. या तिन्हींना सरसकट 'पामचा भुसा' म्हणणं आधी थांबवायला हवं. कवच बऱ्यापैकी कोरडं असतं, किलोला 4,000 किलोकॅलरीच्या जवळ जातं. जपानच्या वीज प्रकल्पांना जहाजं भरून जातं ते हेच. फायबर आणि थोडं कवच गिरणीच्या स्वतःच्या बॉयलरला लागतं. घोळ होतो तो घडाचा.

घडात 60 ते 70 टक्के पाणी असतं, हे सगळ्यांना दिसतं. तो फाडून स्क्रू प्रेसमधून पिळला की ओलावा 45-50 टक्क्यांवर येतो, थोडं तेलही हाती लागतं. लांब तंतू कन्व्हेयरच्या शाफ्टला गुंडाळतात, शूटमध्ये कमान धरतात. तुकडे 100 मिलिमीटरच्या आत ठेवले तर हेही आटोक्यात राहतं. पिळून झालं की इंधन बगॅससारखंच झालं असं वाटतं, आणि खरी चूक इथेच होते.

फरक आहे पोटॅशचा, म्हणजे पोटॅशियमचा. उसाची मोळी चार-पाच मिलमधून जाते, शेवटच्या मिलवर इंबिबिशनचं पाणी (उरलेली साखर धुवून काढण्यासाठीचं) पडतं. साखर काढण्यासाठी केलेल्या या धुण्यात उसातलं बहुतेक पोटॅशियमही रसाबरोबर निघून जातं. पुढे ते मोलॅसिसमध्ये (मळीत) आणि शेवटी डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे सांडपाण्यात, उतरतं. स्पेंट वॉश जाळणाऱ्या बॉयलरच्या नळ्यांवर घट्ट थर बसतात आणि त्याची राख पोटॅश खत म्हणून विकता येते, दोन्हींचं कारण हेच. बगॅस 'गुणी' इंधन ठरतो, कारण तो धुतलेला असतो.

घड कुणी धुतलेला नसतो. स्टरिलायझरमध्ये 3 बार दाबाच्या वाफेवर तो तासाभराहून अधिक शिजतो, मग फिरत्या ड्रममध्ये आपटून फळं सुटतात. दांडा जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो. कोरड्या वजनावर त्यात 2 ते 2.5 टक्के पोटॅशियम असतं, बगॅसमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आकडा छोटा वाटतो, म्हणून हिशेब मांडू. ताशी 60 टन गाळपाच्या गिरणीत ताशी 13 टन रिकामे घड निघतात, म्हणजे कोरडे साडेचार टन, आणि त्यात 100 किलोच्या आसपास पोटॅशियम. वीस तास गिरणी चालली तर रोज 2 टन पोटॅशियम भट्टीतून जाणार.

भट्टीत त्याचं दोन प्रकारे होतं. क्लोरीनशी जुळलेला भाग वाफ होऊन उडतो, सुपरहीटरच्या नळ्यांवर गोठतो, त्या चिकट थरावर राख बसते आणि खालचं पोलाद खाल्लं जातं. उरलेला भाग सिलिकाशी मिळून काचेसारखा वितळतो. शेगडीवर त्याचे क्लिंकर (वितळून गोठलेले खडे) होतात आणि फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (हवेनं उकळत्या ठेवलेल्या वाळूच्या थरात) वाळूचे कण एकमेकांना चिकटून बेडच बसतो. म्हणून महाराष्ट्रातल्या कारखान्यांतला चौरस सेंटिमीटरला 87 किलो दाबाचा, 515 अंशांच्या वाफेचा बगॅस बॉयलर उचलून तिकडे घडांवर चालवायचा विचार सोडून द्यावा. मलेशियाच्या सबाह राज्यात संडाकानजवळ साडेअकरा मेगावॉटचे प्रकल्प रिकाम्या घडांसाठीच उभे राहिले. जाळायचेच असतील तर पाण्यानं थंड होणारी हलती शेगडी, 400 अंशांच्या आसपासची वाफ, नळ्यांत मोकळं अंतर आणि भरपूर सूट ब्लोअर (नळ्यांवरची राख वाफेनं उडवणारी यंत्रं) घ्यावेत. केओलिन ही पांढरी माती मिसळल्यानं मदत होते. पोटॅशियम पाण्यात विरघळत असल्यानं घड धुवूनही बरंचसं उतरतं, पण ते पाणी कुठे सोडणार आणि भिजलेला माल पुन्हा पिळण्याचा खर्च कोण सोसणार, हे आधी ठरवावं.

आमचं स्पष्ट मत: गिरणीला लागून मळा असेल तर घड जाळू नयेत. ताज्या 1 टन रिकाम्या घडांत सुमारे 19 किलो एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश) खताइतकं पोटॅश असतं. झाडांच्या ओळींमधे एका थरात पसरले की ते पावसानं मुळांपर्यंत पोचतं. ढीग मात्र करू नये, त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. ऊर्जा हवी तर ती सांडपाण्यातून काढावी. टनभर सांडपाण्याला 28 घनमीटरच्या आसपास बायोगॅस मिळतो.

घड विकत घेऊन जाळणाऱ्यांनी प्रयोगशाळेकडून नुसता उष्मांक मागू नये. पोटॅशियम, क्लोरीन आणि राख वितळण्याचं तापमान मागावं, आणि राख 550 अंशांवर केल्याचं लेखी घ्यावं. कोळशाच्या पद्धतीनं 815 अंशांवर केली तर पोटॅशियम क्लोराइडचा काही भाग मुशीतूनच उडून जातो आणि वाईट इंधनही कागदावर चांगलं दिसतं.