तारण कोणाच्या हाती? डॉर्टच्या धर्मसभेची पार्श्वभूमी

नेदरलँड्समधल्या डॉर्ड्रेख्ट शहरात (याचेच प्रचलित नाव डॉर्ट) १३ नोव्हेंबर १६१८ रोजी प्रोटेस्टंट मंडळ्यांची (म्हणजे चर्चची) एक धर्मसभा सुरू झाली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत चालली. इंग्लंड, जिनिव्हा, झुरिक, ब्रेमेन, हेसन अशा ठिकाणांहून प्रतिनिधी आले होते. फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रोटेस्टंट प्रजेला जायची परवानगीच दिली नाही. सभेपुढचा प्रश्न वरवर साधा होता. एखाद्याचे तारण (पापातून सुटका) होते ते देवाने त्याला जगाच्या उत्पत्तीपूर्वीच निवडले म्हणून, की तो विश्वास ठेवतो म्हणून?

हे वाचताना आपल्याला दैव आणि प्रयत्न यांची जोडी आठवते. ती इथे फारशी उपयोगी नाही. आपल्याकडे प्रारब्धाला बोल लावला तरी त्यामागे स्वतःचेच पूर्वकर्म असते. ख्रिस्ती पूर्वनियोजनाचा, म्हणजे देव आधीच निवडतो या मताचा, सगळा भर मात्र निवडीमागे माणसाचे कोणतेही कर्म नाही, यावर आहे. त्यापेक्षा श्रीवैष्णवांमधला मार्जारन्याय आणि मर्कटन्यायाचा वाद जास्त जवळचा. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, माकडाच्या पिलाला मात्र आईला स्वतःच बिलगावे लागते.

वादाचे मूळ बायबलमध्येच आहे. ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो, की मातीच्या गोळ्याचे काय घडवायचे हे कुंभाराने ठरवायचे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मात्र सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. पहिल्या चार शतकांत या दोन वचनांचा मेळ घालायची घाई कोणी केली नाही. उलट ग्रीक भाषेत लिहिणारे बहुतेक धर्मगुरू माणसाच्या स्वातंत्र्यावरच भर देत, कारण त्यांच्यापुढे नियतिवादी पंथांचे आव्हान होते.

ठिणगी पडली ती एका प्रार्थनेवरून. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या आत्मकथनात देवाला विनवले होते, की तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ तूच दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये राहणाऱ्या पेलागियस या ब्रिटनमधून आलेल्या तपस्व्याने ते वाक्य ऐकले आणि तो संतापला. सुखवस्तू रोमन ख्रिस्त्यांच्या ढिलेपणाने तो आधीच त्रासलेला होता. आज्ञा पाळायचे बळही देवानेच द्यायचे असेल, तर पाप करणाऱ्याला जाब कसला विचारायचा? देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळता येते, असे त्याचे म्हणणे.

पेलागियसला फक्त खलनायक म्हणून रंगवणे मला पटत नाही. त्याची चिंता खरी होती. पण ऑगस्टीनने माणसाचे मन जास्त खोलात जाऊन पाहिले होते. चांगले काय ते कळते, करावेसेही वाटते, तरी हातून होत नाही, हा त्याचा स्वतःचा अनुभव होता. आदामाच्या पतनापासून, म्हणजे त्याच्या पहिल्या पापापासून, माणसाची इच्छाच आजारी आहे आणि तिला बरे करणारी कृपा देव ज्याला द्यायची त्याला देतो, अशा निष्कर्षावर तो आला. पॅलेस्टाइनमधल्या सभेने ४१५ मध्ये पेलागियसला निर्दोष ठरवले. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने त्याची मते धिक्कारली आणि सम्राट होनोरियसने त्याला व त्याच्या साथीदारांना रोमबाहेर काढण्याचा हुकूम काढला. धर्मशास्त्राच्या या प्रश्नात राजसत्ता पडली ती तेव्हापासून.

ऑगस्टीन जिंकला, पण पूर्ण नव्हे. ५२९ मध्ये दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) ऑरेंजच्या सभेने विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते हे मान्य केले, आणि त्याच वेळी देव कोणाला वाईटासाठी नेमतो हे म्हणणे साफ नाकारले. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या साधूने देवाने काहींना शिक्षेसाठी नेमले आहे असे म्हटले, तर त्याला फटके मारून मठात कोंडले गेले. तो तिथेच मेला.

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. इरॅस्मस या विद्वानाने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पुढच्याच वर्षी ती खोडून काढली. जिनिव्हात जॉन कॅल्विनने आणखी एक पाऊल टाकले: काही जण जीवनासाठी आणि काही जण नाशासाठी नेमलेले आहेत. हा निर्णय भयंकर आहे, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. १५५१ मध्ये बोल्सेक या माणसाने कॅल्विनला जाहीर विरोध केला आणि बोल्सेकलाच शहर सोडावे लागले. कॅथलिकांमध्येही जेझुइट आणि डोमिनिकन या दोन धर्मसंघांत कृपेवरून अशीच जुंपली. पोपने १६०७ मध्ये दोघांना एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली आणि निर्णय योग्य वेळी कळवू असे सांगितले. तो निर्णय आजतागायत आलेला नाही.

डॉर्टला ज्याच्या मतांवर खटला चालला तो याकोबस आर्मिनियस सभेच्या नऊ वर्षे आधी, १६०९ मध्येच वारला होता. जन्म औडेवाटर गावचा. १५७५ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्या गावात कत्तल केली, तीत त्याचे घरचे लोक मारले गेले. जिनिव्हात कॅल्विनचा वारस बेझा याच्याकडे तो शिकला, अ‍ॅमस्टरडॅममध्ये पाळक (मंडळीचा धर्मगुरू) झाला आणि १६०३ मध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक. तिथे फ्रान्सिस्कस गोमारस या सहकाऱ्याशी त्याचे बिनसले. गोमारसच्या मते कोणाला तारायचे हे देवाने माणसाच्या पतनाचा विचार करण्याआधीच ठरवले. असे असेल तर पापाचा कर्ता देवच ठरतो, हा आर्मिनियसचा आक्षेप. कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक असते आणि निवड त्यानुसार होते, असे तो म्हणे. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे येतो असे मात्र त्याने कधी म्हटले नाही. कृपा आधी हवीच; फक्त तिला नकार देता येतो. त्याला नवा पेलागियस ठरवणाऱ्यांनी हे सोयीस्करपणे वगळले.

त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे निवेदन दिले. तोवर प्रकरण राजकारणात शिरले होते. स्पेनशी १६०९ मध्ये तह करणारा हॉलंडचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेफेल्ट निवेदनकर्त्यांना सांभाळत होता. युद्ध हवे असलेला सेनापती राजपुत्र मॉरिस विरोधकांकडे झुकला. पूर्वनियोजन निळे असते की हिरवे हेही आपल्याला ठाऊक नाही, असे मॉरिस म्हणाल्याचे सांगतात. ते खरे असो वा नसो, ऑगस्ट १६१८ मध्ये त्याने ओल्डेनबार्नेफेल्टला अटक केली आणि त्यानंतर धर्मसभा भरली. निकाल काय लागणार हे पूर्वनियोजित होते, असे म्हणायचा मोह आवरत नाही. निवेदनकर्ते सभेचे सदस्य नव्हतेच, त्यांना आरोपी म्हणून बोलावले गेले आणि जानेवारीत हाकलून देण्यात आले. विदेशी प्रतिनिधी ९ मे १६१९ रोजी निघाले. १३ मे रोजी हेगमध्ये ७१ वर्षांच्या ओल्डेनबार्नेफेल्टचा शिरच्छेद झाला. सुमारे २०० पाळकांना पदावरून काढले गेले.

सभेने निवेदनाला कलमागणिक उत्तर दिले. निवड विनाअट आहे. ख्रिस्ताच्या मरणाचा तारक परिणाम निवडलेल्यांसाठी आहे. माणूस पूर्ण भ्रष्ट आहे आणि देवाची कृपा त्याला खात्रीने पालटते. निवडलेले शेवटपर्यंत टिकतात. कॅल्विनवादाचे पाच मुद्दे म्हणून आज जे सांगितले जातात ते इथलेच. ‘टुलिप’ ही त्यांची आद्याक्षरे मात्र फार नंतर इंग्रजीत जुळवली गेली आणि त्यासाठी क्रमही बदलावा लागला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड या मित्रांमध्ये याच कारणावरून १७३९ नंतर फूट पडली. त्यांच्या चळवळीतले लोक, म्हणजे मेथडिस्ट, मुख्यतः वेस्लीबरोबर, म्हणजे आर्मिनियसच्या बाजूला गेले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड झाली ती दुसऱ्या बाजूला, कॅल्विनवादी बॅप्टिस्टांमध्ये (विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथात). त्यांच्यातले काही पाळक तर्क इतका ताणत, की निवडलेले लोक देव आणणारच, मग सरसकट सर्वांना विश्वास ठेवा असे आवाहन करणेही चूक. केटरिंगचा पाळक अँड्र्यू फुलर याने १७८५ मध्ये याविरुद्ध लिहिले. निवड देवाची हे त्याला मान्यच होते, पण ऐकणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवण्याचे कर्तव्य आहे आणि सांगणाऱ्यावर सांगण्याचे, असे त्याचे प्रतिपादन. १७९२ मध्ये केटरिंगलाच मिशनरी संस्था स्थापन झाली, फुलर तिचा चिटणीस झाला आणि विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालला निघाला. श्रीरामपूरहून १८०५ मध्ये निघालेले मराठीचे व्याकरण आणि मत्तयाचे मराठी शुभवर्तमान त्याच कॅरीच्या हातचे. सगळे ठरलेलेच आहे असे मानणाऱ्यांनी हातपाय गाळून बसायला हवे होते, हा तर्क इतिहासात टिकत नाही.

१८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश जॉन विल्सन, हेही कॅल्विनच्याच परंपरेतले. वेस्लीच्या परंपरेतले विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या सभांमधून शहरात मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताच्या मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली, तेव्हा कॅल्विनच्या परंपरेतला प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल वारसा आणि ब्रिटिश मेथडिस्ट वारसा एकाच संघटनेत आला. टेलर यांची अमेरिकन मेथडिस्ट शाखा मात्र बाहेरच राहिली.