नवं सील टाकलं तरी शॉकअप का गळतो?

मोटारसायकलचा पुढचा शॉकअप गळायला लागला की सोलापुरात ठरलेली दोन वाक्यं कानावर येतात. पहिलं, ‘उन्हानं सील गेलं.’ दुसरं, सील बदलून महिना होत नाही तोच पुन्हा तेल दिसलं की, ‘डुप्लिकेट सील टाकलं असणार.’ ऊन इथं आहेच, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. बाजारात हलका मालही मिळतो. तरीही पुन्हा पुन्हा गळणाऱ्या शॉकअपमध्ये दोष बहुधा सीलच्या बाहेर असतो. एकतर पाइपचा पृष्ठभाग खराब झालेला असतो, नाहीतर पुढचे दोन पाय एकमेकांना समांतर राहिलेले नसतात. तो दोष न शोधता सील बदललं, तर नव्या सीलचीही तीच गत होते.

रचना तशी सोपी आहे. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय, दोन्ही मिळून फोर्क. वरून येणारा क्रोमचा चकचकीत पोलादी पाइप खालच्या जाड ॲल्युमिनियमच्या नळीत, म्हणजे बॉटममध्ये, आत-बाहेर सरकतो. आत स्प्रिंग आणि फोर्क ऑइल. धक्का स्प्रिंग झेलते आणि बारीक भोकांतून ढकललं जाणारं तेल तिच्या उड्या जिरवतं. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ या गाडीवर असा तेलाचा फोर्क आणला, मूळ कल्पना आजही तीच आहे. दोन्ही पाइप वर दोन ‘टी’मध्ये, म्हणजे हँडलखालच्या, दोन्ही पाइपांना जोडून धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांत, आवळलेले असतात आणि दोन्ही बॉटम खाली एक्सलने जोडलेले. बॉटमच्या तोंडाशी तेल अडवणारं ऑइल सील आणि त्याच्या डोक्यावर धूळ अडवणारं डस्ट सील.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो ऑइल सीलचा ओठ, म्हणजे रबराची पाइपला भिडणारी धार. बहुतेकांना वाटतं की सील पाइपला घट्ट आवळून बसतं आणि म्हणून तेल अडतं. तसं असतं तर ते फार दिवस टिकलंच नसतं. कोरड्या क्रोमवर कोरडं रबर अडखळत सरकतं, तापतं आणि फाटतं. गाडी चालू असताना ओठ आणि पाइप यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही पातळ. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. चिकट द्रव सरकत्या पृष्ठभागाबरोबर ओढला जातो आणि अरुंद फटीत शिरताना तिथे दाब निर्माण करतो, हे ब्रिटिश अभियंते ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने मांडलं. हा थर त्यामुळेच टिकतो.

मग खरा प्रश्न उभा राहतो. चाक खड्ड्यात उतरलं की पाइप बॉटममधून बाहेर येतो आणि येताना हा थर अंगावर घेऊन येतो. म्हणजे दर उडीला थोडं तेल बाहेर. सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन यायचं तर अशा हजारो उड्या होतात. एवढ्यात सगळं तेल मडगार्डवर यायला हवं होतं. येत नाही, कारण ओठ दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तेलाकडची त्याची बाजू उभी असते, हवेकडची पसरट. त्यामुळे ओठ पाइपवर जो दाब देतो तोही दोन्हीकडून सारखा चढत नाही. तेलाकडून गेलं तर एकदम चढतो, हवेकडून गेलं तर हळूहळू.

डच अभियंते हार्मेन ब्लॉक यांनी १९६० च्या दशकात इथे रेनॉल्ड्सचं समीकरण उलट्या बाजूने सोडवलं. धातूच्या बेअरिंगमध्ये फटीचा आकार माहीत असतो आणि दाब काढायचा असतो. रबराच्या ओठाखाली दाब रबरच ठरवतं, तेलाला तो घ्यावाच लागतो, म्हणून इथे दाबावरून थराची जाडी काढायची. उत्तर असं येतं: तेलाची चिकटी आणि पाइपचा वेग यांचा गुणाकार करा, त्याला दाबाच्या सर्वांत तीव्र चढाने भागा आणि वर्गमूळ घ्या. थराची जाडी त्या प्रमाणात बदलते. पाइप बाहेर येतो तेव्हा तेल तीव्र चढाकडून शिरतं, भाजक मोठा, म्हणून थर पातळ. पाइप आत जातो तेव्हा त्याच्या अंगावरचं तेल सौम्य चढाकडून शिरतं, तिथे जाड थरालाही वाट मिळते. तेलाकडचा चढ हवेकडच्या चढाच्या चौपट असेल आणि वेग तोच असेल, तर बाहेर येणारा थर आत जाऊ शकणाऱ्या थराच्या निम्मा. म्हणजे ओठ जेवढं बाहेर सोडतो त्यापेक्षा जास्त आत घेण्याची त्याची ताकद असते. बाहेर आलेलं तेल पाइप पुढच्या वेळी आत जाताना परत आत जातं. पाइपवर हाताला जेमतेम जाणवेल असा तेलकटपणा राहतो, तो राहायलाच हवा, ते गळणं नव्हे.

हे कळलं की गॅरेजमधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ओठाच्या मागे बारीक गोल स्प्रिंग असते, ती बाजू तेलाकडे हवी. सील उलटं बसलं तर हेच गणित उलटं फिरतं आणि सील तेल बाहेर काढू लागतं. पाइप ओठाच्या बरोबर मध्यभागी नसेल, तर एका बाजूला ओठ दबतो आणि समोरच्या बाजूला सैलावतो. सैल बाजूचा चढ कमी होतो, थर जाड होतो आणि तेल तिथूनच येतं. म्हणून सील काढण्याआधी तेल पाइपच्या कोणत्या बाजूने येतंय ते पाहून ठेवा. सगळीकडून सारखं येत असेल तर सील म्हातारं झालं असेल किंवा घाण बसली असेल. दरवेळी पुढून किंवा मागूनच येत असेल तर बहुधा बुश, म्हणजे पाइपला बॉटममध्ये मध्यभागी धरणाऱ्या कड्या, झिजलेत, कारण ब्रेकचा आणि खड्ड्यांचा मार त्याच दिशेने बसतो. चाकाकडच्या किंवा बाहेरच्या बाजूने येत असेल तर दोन्ही पाय समांतर आहेत का ते तपासायला हवं.

आता आपली काळी माती. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा लहान असतो, म्हणजे ओठाखालच्या थराच्याच मापाचा. पावसात शेतरस्त्याने गाडी आणली की पाइपवर चिखल बसतो आणि रात्रीत वाळून त्याची कडक पापडी होते. सकाळी गाडी स्टँडवरून उतरताच पहिल्याच दाबाला ती पापडी डस्ट सीलखालून आत जाते. क्रोम या धुळीपेक्षा कठीण, त्यामुळे पाइपवर लगेच ओरखडे पडत नाहीत. पण रबराखाली अडकलेला कण ओठाला तेवढ्या जागी उचलून धरतो आणि तिथून तेलाला वाट होते. अशा वेळी सील फाटलेलं नसतंच. डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मची अरुंद पट्टी कापून तिच्या टोकाला बारीक खाच करा, ती ओठाखाली अलगद घालून पाइपभोवती फिरवा आणि ओढून काढा. पट्टीबरोबर काळपट लगदा बाहेर येतो. दोन-तीनदा केल्यावर गळणं थांबलं तर नव्या सीलचा खर्च वाचला. लोखंडी पट्टी किंवा स्क्रू ड्रायव्हर तिथे अजिबात घालू नका.

क्रोम कठीण असतं, पण ठिसूळही असतं. उसाच्या ट्रॉल्यांमागून किंवा खडीच्या डंपरमागून जाताना उडालेला खडा लागला की बारीक टवका उडतो. त्या खड्ड्याची धार ओठ कापते आणि खड्डा दर उडीला थोडं तेल बाहेर आणून सोडतो. नखाला अडकणारा असा टवका ओठाच्या फिरण्याच्या पट्ट्यात असेल, तर कोणतंही सील टिकणार नाही. बारीक असेल तर दोन हजार नंबरच्या पाणपेपरने धार मोडून खड्डा इपॉक्सीने भरता येतो. मोठा असेल तर पाइपच बदलावा लागतो.

इथेच एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडी घसरली, शॉकअप सारखा गळतोय, म्हणजे नजर लागली, असं मानून पुढच्या पाइपला काळा दोरा किंवा कापड गुंडाळणारे पुष्कळ आहेत. नजरेने तेल गळत नाही, त्या दोऱ्याने मात्र पाइप खराब होऊ शकतो. कठीण क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगांचं जाळं असतं. ओला दोरा पाणी धरून ठेवतो, ते भेगांतून खालच्या पोलादापर्यंत पोचतं आणि गंजाचे ठिपके वर येतात. ज्या गाडीला जपण्यासाठी दोरा बांधला, त्याच गाडीचं सील त्या ठिपक्यांवर घासून जातं. दोरा सोडा, पाइप पुसा.

उन्हाचंही गणित करून पाहू. पायात तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. २५ अंशांची हवा उन्हात ६० अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १२ टक्के वाढतो. सीलसाठी हे काहीच नाही. ऊन वर्षानुवर्षं रबर कडक करतं, हे खरं, पण एका दुपारीत सील जात नाही. जास्त तेल मात्र सील घालवतं. पाइप ३० मि.मी. व्यासाचा आणि १२० मि.मी. सरकणारा असेल, तर पूर्ण दाबल्यावर तो सुमारे ८५ मि.लि. जागा खातो. आत १५० मि.लि. हवा असेल तर ती ६५ वर येते, दाब सव्वादोन पटींच्या आसपास. शॉकअप कडक व्हावा म्हणून ४० मि.लि. तेल जादा ओतलं, तर ११० ची हवा २५ वर येते आणि दाब चौपटीच्या वर जातो. हवा झटक्यात दबत असल्याने ती तापते आणि प्रत्यक्ष आकडा याहूनही मोठा असतो. कंपनीने सांगितलेलं माप मोजपात्राने मोजून, दोन्ही पायांत सारखं घालावं.

राहिला सरळपणाचा प्रश्न. गाडी पडली, चाक सरळ ठेवलं तरी हँडल तिरकं दिसतं, आणि लगेच निदान होतं की ‘पाइप वाकले.’ पुष्कळदा पाइप वाकलेले नसतात. ‘टी’ने पाइप नुसत्या घर्षणाने धरलेले असतात, आणि पडल्यावर वरची व खालची ‘टी’ एकमेकींच्या तुलनेत किंचित फिरतात. पाय पिळले जातात. हे ओळखायला शाळेतली भूमिती पुरते: दोन समांतर रेषा एकाच प्रतलात असतात, पिळलेल्या रेषा नसतात. हेडलाइटच्या खाली, दोन्ही पाइपांवर आडवा जाड काचेचा सपाट तुकडा दाबून धरा. चारही कोपरे टेकले तर पाय एका प्रतलात आहेत. पाय कमी-जास्त असलेल्या स्टुलासारखी काच डुगडुगली तर पीळ आहे.

पीळ काढायला गॅस नको, प्रेस नको. खालच्या ‘टी’चे बोल्ट, वरच्या ‘टी’चे बोल्ट, मडगार्डचे स्क्रू आणि एक्सलचा नट ढिले करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा आणि पुन्हा काच लावून बघा. तरीही काच डुगडुगत असेल तर पाइप काढून व्ही-ब्लॉकवर, म्हणजे ‘व्ही’ आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर, फिरवून डायल गेजने, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने, बघायला हवेत. अनेक मॅन्युअलमध्ये वाकण्याची मर्यादा ०.२ मि.मी. दिलेली असते आणि गेजवर दिसणाऱ्या एकूण फरकाचा निम्मा आकडा धरायचा असतो. त्याहून वाकडा पाइप गॅस लावून सरळ करून घेऊ नका. तापवलं की पोलादाची ताकद जाते आणि वाकलेल्या जागी क्रोम आधीच तडकलेलं असतं.

जोडतानाचा क्रमही महत्त्वाचा. आधी एक्सलचा नट आवळा. ज्या पायात एक्सलला धरणारा आडवा पिंच बोल्ट असतो, तो ढिलाच ठेवा. पुढचा ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा जोरात दाबा. त्या हालचालीत ढिला पाय एक्सलवर सरकून आपली जागा स्वतः शोधतो. मग पिंच बोल्ट, मग खालची ‘टी’, मग वरची, आणि शेवटी मडगार्ड. पिंच बोल्ट आधी आवळला तर तो पाय आत किंवा बाहेर ओढलेलाच राहतो आणि नवं सील पहिल्या दिवसापासून एका बाजूला दबतं. तेल डिस्कच्या बाजूने गळत होतं का, हेही गाडी उभी आहे तोवर बघून घ्या. ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर पॅड बदला, कारण पॅडमध्ये मुरलेलं तेल पुसून निघत नाही आणि पुढचा ब्रेक ऐन वेळी धरत नाही.