साठ दिवसांच्या मोकळिकीचा खुलासा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, न विचारता साठ दिवस कोठेही युद्ध करता येते, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवातून, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून १९७३ मध्ये संमत झालेल्या युद्धाधिकार ठरावाचे दुसरेच कलम सांगते की, युद्धाची घोषणा, कायद्याने दिलेली स्पष्ट परवानगी किंवा खुद्द अमेरिकेवर वा तिच्या सैन्यावर झालेला हल्ला, एवढ्याच परिस्थितींत सैन्य लढाईत उतरवता येते. याच ठरावातील साठ दिवस म्हणजे काँग्रेसची संमती नसल्यास लढाई आटोपण्याची मुदत आहे, परवाना नव्हे. तरीही २०११ मध्ये, ही मुदत लागू होत नाही असे दाखवण्यासाठी, लिबियातील कारवाई कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’च नाही, असा युक्तिवाद ओबामा प्रशासनाने केला, माझ्या मते ती निव्वळ पळवाट होती.