अंगठा बदलता येत नाही

त्र्यंबकेश्वरी गेलं की क्षेत्रोपाध्याय आधी दोन गोष्टी विचारतात : मूळ गाव आणि आडनाव. तेवढ्यावर कापडात बांधलेलं बाड सुटतं, पानं उलटली जातात आणि पणजोबा कधी येऊन गेले, त्यांना भाऊ किती, हे त्यांच्याच हस्ताक्षरात समोर येतं. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, गाव-आडनाव तर कुणीही सांगेल. तो मीच हे कशावरून? उपाध्यांनी लगेच पुढचं विचारलंच : आजोबांचं नाव? चुलते किती?

संगणकशास्त्र याच दोन पायऱ्या वेगळ्या ठेवतं. ओळख सांगणं ही एक आणि ओळख पटवणं ही दुसरी. नाव, मोबाइल नंबर, पॅन, आधार क्रमांक हे ओळख सांगतात. पिन, ओटीपी, बोटाचा ठसा ती पटवतात. चोराचं फावतं ते पहिलीवरच दुसरीचं काम भागवलं जातं तिथे. फोनवर बँकेतर्फे ‘आईचं माहेरचं आडनाव’ विचारतात ना, तो प्रश्न ज्याने काढला त्याने मराठी लग्नपत्रिका पाहिलेली नसावी. मामांची नावं आपण तिच्यावर आडनावासकट छापतो आणि गावभर वाटतो.

आधारच्या 12 अंकांतला शेवटचा तर आधीच्या 11 अंकांवरून हिशेबाने काढता येतो. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये मांडलेली ही रीत. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की ती लगेच पकडते. पण ही राखण टायपिंगच्या चुकांपासून आहे, चोरांपासून नाही.

ओटीपीचं उलटं. सहा अंकी ओटीपीच्या 10 लाख शक्यता असतात आणि ठरावीक चुकांनंतर दार बंद होतं. अंदाजाने तो लागणं जवळपास अशक्य. म्हणून चोर गणिताच्या वाटेला न जाता सरळ फोन लावतो, नाहीतर लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवतो. ती उघडून अ‍ॅप बसवलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर त्याच्याकडे जातो. यूपीआयचं एकच सांगतो : पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो.

आता अंगठा. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण आपल्याकडे तो कागदोपत्री सगळीकडे उमटलेला आहे. 1858 मध्ये बंगालातल्या जंगीपूरला विल्यम हर्शल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाच्या करारावर कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे वर्गीकरणाचं काम केलं. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, हा सगळ्याचा पाया. यंत्र ठशाचा फोटो जुळवत बसत नाही. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणांचा नकाशा ते ताडून पाहतं.

गडबड अशी, की हा नकाशा कागदावरच्या ठशातही असतो. हरियाणा आणि तेलंगणात चोरांनी जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे उचलले, त्यांची नक्कल तयार केली आणि आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या यंत्रावर ती टेकवली. त्या व्यवहाराला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढं पुरतं, ओटीपी विचारला जात नाही. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो. नवा अंगठा कुठून आणणार? 2023 पासून आधारची यंत्रणा खुणांच्या जोडीला ठशाची प्रतिमाही तपासते, बोट जिवंत आहे ना हे पाहण्यासाठी. नाशिकच्या शेतकरी घरांत खरेदीखतं, वाटणीपत्रं काही कमी नाहीत, तेव्हा आपल्या हातात आहे तेही करावं. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉकची, म्हणजे आपला ठसा वापरायला बंद ठेवण्याची, सोय आहे.

आधारच्या झेरॉक्सचंही तसंच. सिंहस्थ तोंडावर आहे, लॉज आणि धर्मशाळा येणाऱ्या प्रत्येकाचं आधार मागतील. फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार डाउनलोड करता येतं, ते द्यावं. आपल्या नावावर भलत्यानेच सिम घेतलंय का, हे सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर दिसतं. भलतंच कर्ज काढलंय का, हे सिबिलसारख्या, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या अहवालात. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही लगेच कळवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, असं असेल तर तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर तोटा येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने ठरवलं होतं.

आईचं बायोमेट्रिक लॉक मी हौसेने करून दिलं आणि तिला सांगायचं विसरलो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेशन दुकानात तिचा अंगठा चार वेळा लागला नाही. मागे रांग कुरकुरायला लागली तेव्हा तिचा फोन आला. लॉक तात्पुरतं उघडलं तर दहा मिनिटांनी आपोआप बसतं. तेवढ्यात तिने गहू-तांदूळ घेतला आणि घरी आल्यावर माझी चांगली हजेरी घेतली. लॉक अजून आहे. महिन्यातून एकदा ती मला दुकानाच्या पायरीवरून फोन करते.