दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं म्हणून पोटगी थांबत नाही

"अठरा पूर्ण झाली, आता बापावर जबाबदारी नाही." असं कुणीतरी सांगितलं म्हणून घरी बसलेल्या, दिव्यांग मुलांच्या आया मला अजूनही भेटतात. हे साफ चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नुसार (1 जुलै 2024 आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं) शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या सज्ञान मुलालाही पोटगी मागता येते. अपवाद फक्त विवाहित मुलीचा. घटस्फोटाच्या तडजोडीत आईने 'काही मागणार नाही' असं लिहून दिलं असलं, तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही.

कोल्हापूर शहरात अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा, तालुक्याला तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड बहुतेकांकडे असतं.

अडतं ते दिव्यांगत्वाच्या दाखल्यापाशी. कागलकडच्या एका मावशींनी लॅमिनेट केलेला दाखला पिशवीतून जपून काढला. 75 टक्के. पण खाली बारीक अक्षरात 'तात्पुरता', आणि मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली. समोरच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्या पोराला मुदतीचा कागद का द्यावा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. म्हणून अर्जाआधी मुदत बघा. संपली असेल तर स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग दाखल्यांचं सरकारी संकेतस्थळ) नूतनीकरणाचा अर्ज करा आणि सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, तपासणी करून घ्या. शिवाय यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं ओळखपत्र) टक्के असतात, 'हा कमावू शकत नाही' असं नसतं. ते नेहमीच्या डॉक्टरांकडून वेगळं लिहून घ्या: अंघोळ, जेवण, औषध कुणाच्या हातून होतं, एकटं ठेवता येतं का.

दुसरी अडचण सहीची. मूल सज्ञान झालं की आईची सही आपोआप चालत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा. नवरा सोडून गेलेला असेल तर एकटी आई अर्ज करू शकते. त्याच्या सहीसाठी वर्षानुवर्षं थांबू नका, बायांनो.

उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. तुमचं कोरं ठेवू नका. डायपर, फिजिओथेरपी, फिट्सच्या गोळ्या यांची बिलं जोडा. अंतरिम पोटगीचा (अंतिम निकाल लागेपर्यंत द्यायच्या पोटगीचा) निर्णय शक्यतो 60 दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो, पण हे दिवस नोटीस बजावल्यापासून मोजतात, अर्ज दिल्यापासून नाही. त्यामुळे नवऱ्याच्या घराबरोबर कामाच्या ठिकाणचाही पत्ता द्या.

आदेश झाल्यावरही पैसे आले नाहीत, तर 'साठू दे, मग एकदम मागू' असं करू नका. वसुलीचं वॉरंट हवं असेल तर प्रत्येक महिन्याची रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आठ-नऊ महिने थकले की लगेच वकिलाकडे जा.