बेल्जियमचा महिला राष्ट्रीय बास्केटबॉल संघ

आंतरराष्ट्रीय महिला बास्केटबॉलमध्ये बेल्जियमचे प्रतिनिधित्व करणारा हा संघ ‘बेल्जियन कॅट्स’ या नावाने ओळखला जातो. 2023 आणि 2025 अशी सलग दोन वेळा त्याने युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. ज्या देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश आहे आणि लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत आहे, त्या देशाने स्पेन आणि फ्रान्ससारख्या तुलनेने बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकावे, ही सांघिक खेळांच्या अलीकडच्या इतिहासातील मोठी गोष्ट मानली पाहिजे.

बेल्जियममध्ये क्रीडाविषयक कारभार भाषेनुसार विभागलेला आहे. बास्केटबॉललाही डचभाषक फ्लँडर्ससाठी एक आणि फ्रेंचभाषक वालोनिया व ब्रुसेल्ससाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र शाखा आहेत. राष्ट्रीय संघात मात्र दोन्हीकडच्या खेळाडू एकत्र येतात. चेंडू पुढे नेणारी ज्युली आलमाँ फ्रेंचभाषक लिएजची, तर तिच्या जोडीची ज्युली व्हानलो फ्लँडर्सच्या किनाऱ्यावरील ऑस्टेंडची.

संघाला जगाच्या नकाशावर आणणारी पहिली खेळाडू म्हणजे आन वाउटर्स (जन्म 1980). 2000 साली अमेरिकेतील डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत तिला सर्वांत आधी निवडण्यात आले. एकट्या वाउटर्सच्या बळावर संघ टिकणे मात्र शक्य नव्हते आणि 2007 नंतर तब्बल दहा वर्षे बेल्जियमला युरोपीय स्पर्धेची पात्रताही मिळाली नाही. या काळात पुढची पिढी कनिष्ठ गटांमध्ये एकत्र खेळत तयार होत होती. नंतरच्या यशाचे खरे मूळ या एकत्र वाढण्यातच आहे, कारण निवडीला मोजक्याच खेळाडू उपलब्ध असलेल्या देशाला दरवर्षी नवा संघ उभा करणे परवडत नाही.

या पिढीची मध्यवर्ती खेळाडू एमा मेसेमन (जन्म 1993) ही ईपरची, म्हणजे पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकही जिथे लढले त्या गावची. तिची आईदेखील राष्ट्रीय संघाकडून खेळली होती. मेसेमनची उंची 1.93 मीटर असली, तरी ती केवळ बास्केटखाली उभी राहून गुण मिळवणारी खेळाडू नाही. बास्केटपासून काहीशा दूर, फ्री थ्रो रेषेच्या आसपास, बास्केटकडे पाठ करून ती चेंडू घेते, बचाव करणाऱ्या दोघी तिच्यावर धावून येईपर्यंत थांबते आणि नेमक्या त्या क्षणी मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याकडे पास देते. संघाचे सारे आक्रमण या क्षणभराच्या थांबण्यावर बेतलेले आहे. 2019 मध्ये तिच्या वॉशिंग्टन मिस्टिक्स या संघाने डब्ल्यूएनबीएचे विजेतेपद मिळवले, तेव्हा राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरूनही अंतिम मालिकेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिलाच मिळाला.

2017 मध्ये प्रशिक्षक फिलिप मेस्टडाख यांच्या मार्गदर्शनाखाली संघ युरोपीय स्पर्धेत परतला आणि थेट कांस्यपदक घेऊनच घरी गेला. किम आणि हान्ने या मेस्टडाख यांच्या दोन्ही मुली याच संघाकडून खेळल्या. 2018 मध्ये पहिल्याच विश्वचषकात संघ चौथा आला. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात जपानने त्यांना 86-85 असे हरवले. अखेरच्या काही सेकंदांत जपानच्या एका तीन गुणांच्या फेकीने सामना हातचा गेला आणि वाउटर्सची कारकीर्दही तिथेच संपली.

त्यानंतर रशिद मेझियान या फ्रेंच प्रशिक्षकांच्या हाताखाली संघाने 2023 मध्ये ल्युब्लियाना येथे स्पेनला 64-58 असे नमवून पहिले युरोपीय विजेतेपद पटकावले. फेब्रुवारी 2024 मध्ये अँटवर्पला घरच्या प्रेक्षकांसमोर बलाढ्य अमेरिकेला हरवण्याची संधीही चालून आली होती. परंतु शेवटच्या क्षणी झालेल्या बास्केटमुळे सामना 81-79 असा निसटला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात यजमान फ्रान्सकडून जादा वेळेत पराभव झाला, कांस्यपदकाची लढत ऑस्ट्रेलियाने 85-81 अशी जिंकली आणि बेल्जियमला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

29 जून 2025 रोजी ग्रीसमधील पिरिअस येथे झालेला अंतिम सामना या संघाचा स्वभाव सर्वांत चांगला दाखवतो. समोर पुन्हा स्पेनच होता आणि चौथ्या सत्रात खेळ संपायला चारेक मिनिटे उरली असताना बेल्जियम 12 गुणांनी मागे होता. तिथून स्पेनला एकही गुण मिळू न देता त्यांनी अंतर कापत आणले आणि शेवटी अँटोनिया डेलारेने स्पेनचा पास मध्येच पकडून केलेल्या बास्केटने पारडे फिरले. सामना 67-65 असा संपला. मेसेमन स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. या वेळी प्रशिक्षक होते माइक थिबो, ज्यांनी 2019 मध्ये वॉशिंग्टनला तिच्यासोबत विजेतेपद मिळवले होते. या विजयामुळे बर्लिन येथील 2026 च्या विश्वचषकात संघाला थेट प्रवेश मिळाला. मेसेमन, व्हानलो आणि डेलारे यांनी आता तिशी ओलांडली असून 2004 मध्ये जन्मलेल्या नास्त्या क्लासेन्ससारख्या खेळाडू त्यांच्याच सोबत मैदानात उतरून तयार होत आहेत.